चांदीला दावेदार आहेत, माणसांना कोण?

२० नोव्हेंबर १९४२ रोजी ‘तिलावा’ ही आगबोट मुंबई बंदरातून मोंबासा, मापुटो आणि दरबानकडे निघाली. तिच्यावर ७३२ उतारू, २२२ खलाशी, ४ तोफची आणि चांदीच्या २,३६४ लगडी होत्या. तिसऱ्या दिवशी हिंदी महासागरात जपानी पाणबुडीने तिला जलसमाधी दिली. २८० माणसे बुडाली, चांदीही बुडाली. पुढे न्यायालयाची पायरी चढली ती मात्र केवळ चांदी.

ही चांदी दक्षिण आफ्रिकेच्या तत्कालीन सरकारने मुख्यतः नाणी पाडण्यासाठी विकत घेतली होती. २०१७ साली अर्जेंटम एक्स्प्लोरेशन या कंपनीने सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून ती वर काढली, इंग्लंडला नेली आणि माल वाचविल्याचा मोबदला मागितला. तिला हे काम दक्षिण आफ्रिकेने सांगितले नव्हते. तथापि सागरी कायद्याला निमंत्रणाची गरज वाटत नाही. संकटातला माल स्वेच्छेने वाचविणाऱ्याचा त्या मालावर मोबदल्यापुरता हक्क निर्माण होतो. इंग्लंडच्या दोन न्यायालयांनी कंपनीची बाजू उचलून धरली. अखेर मे २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, की जहाजाच्या तळाशी पडून असलेल्या चांदीचा कोणताही व्यापारी ‘वापर’ चालू नव्हता; सबब एका सार्वभौम राज्याच्या या मालावर असा दावा चालू शकत नाही.

सार्वजनिक मालमत्तेवर खाजगी नफेखोराने परस्पर हक्क सांगू नये, हे तत्त्व समाजवाद्यांना मान्यच आहे. म्हणून या निकालाचे स्वागत केले पाहिजे. परंतु तेवढ्यावर समाधान मानणे म्हणजे मूळ प्रश्नाला बगल देणे होय.

कंपनीचे समर्थक म्हणतात, धोका पत्करून भांडवल ओतणारा कोणी नसता तर ही संपत्ती कायमची वाया गेली असती. हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. पण वादळात सापडलेल्या जहाजाला वाचविण्यासाठी जो नियम जन्माला आला, तो पाऊणशे वर्षे तळाशी निवांत पडलेल्या धातूला लावायचा कसा? त्या चांदीवर कोणते संकट कोसळत होते? संकटात होती ती माणसे, आणि ती १९४२ सालीच.

या कायद्याचे अंतरंग पाहण्यासारखे आहे. १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार माल वाचविणाऱ्याला मालाच्या किमतीच्या प्रमाणात बक्षीस मिळते. माणसे वाचविणाऱ्याला मात्र त्या माणसांकडून काही मागता येत नाही. माणसांकडून पैसे न मागणे योग्यच. पण त्याची भरपाई समाजाने करावी, अशी तरतूद त्या करारात नाही. त्याच प्रसंगी कोणी मालही वाचविला असेल, तरच त्या बक्षिसातला न्याय्य वाटा जीव वाचविणाऱ्याला मिळू शकतो. म्हणजे जिवाची किंमत ठरते ती मालाच्या आडोशाने! मालमत्ता हाच ज्या व्यवस्थेचा पाया आहे, तिचा कायदा याहून वेगळा असणार तरी कसा?

राज्याचे सार्वभौमत्व हादेखील पुरेसा उतारा नव्हे. १८०४ साली पोर्तुगालनजीक बुडालेल्या ‘मर्सेडिस’ या स्पॅनिश युद्धनौकेवरील पाच लाखांहून अधिक नाणी एका अमेरिकन कंपनीने २००७ साली वर काढली. अमेरिकन न्यायालयांच्या आदेशाने ती २०१२ मध्ये स्पेनला परत मिळाली. पेरूचा दावा मात्र टिकला नाही. नफेखोर हरला, हे खरे; परंतु जिंकला तो जुना साम्राज्यवादी. अँडीजच्या खाणींत सक्तीने राबविलेल्या मूलनिवासींची बाजू मांडायला त्या खटल्यात जागाच नव्हती.

युनेस्कोच्या २००१ च्या कराराने बुडीत वारशाच्या व्यापारी लुटीला मनाई केली आहे. पण त्यासाठी अवशेष किमान शंभर वर्षे पाण्याखाली असावे लागतात. ‘तिलावा’ची शंभरी भरेल २०४२ साली. तोवर २८० माणसांची ही समाधी त्या कराराच्या लेखी वारसा ठरत नाही. ती केवळ एक बिनकुलपाची वखार आहे.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. जेथे माणसे बुडाली, ते जहाज पहिल्या दिवसापासून स्मशानभूमी मानले जावे. मृतांच्या वारसांना विचारल्याखेरीज त्याला कोणी हात लावू नये, आणि अशी संपत्ती वर आलीच तर तिच्यातला पहिला वाटा त्या वारसांचा असावा. हा आग्रह भारत सरकारने आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर धरावा; कारण ही आगबोट आपल्याच बंदरातून निघाली होती आणि वाचलेली माणसे आपल्याच धक्क्यावर परत उतरली होती. बंदर कामगारांच्या संघटनांनी आणि आपल्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न हाती घ्यावा. चांदीच्या लगडी एक ना एक मोजल्या गेल्या. माणसांच्या बाजूने बोलायला आपणही उभे राहिलो नाही, तर कोण राहणार?