सगळी जोखीम, वगळून

विमेवाल्यांचा तर्क मोठा अजब! घरच्या विम्यात कॅमेरा कपाटात असेतोवर सुरक्षित. पण कपाटात ठेवायला दीड लाखाचा कॅमेरा घेतो कोण? बाहेर न्यायचा, तर म्हणे 'ऑल रिस्क' काढा. नावात 'ऑल', बारीक टायपात मात्र पावसाळ्यात भिंगावर चढणारी बुरशी वगळलेली, झीज वगळलेली, बहुधा गाडीत एकट्या ठेवलेल्या कॅमेऱ्याची चोरीही वगळलेली! लग्नाचे फोटो काढणाऱ्याला तर 'धंद्यासाठी वेगळी पॉलिसी' म्हणतात. म्हणजे ज्याचं पोट कॅमेऱ्यावर, त्यालाच जास्त खेटे. भरपाई देताना कॅमेऱ्याला घसारा लावतात. हप्त्याला का नाही लावत? म्हणून सांगतो, सहीआधी वगळलेल्याची यादी वाचा. कंपनीनं लेखी तक्रारीलाही दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथं फी लागत नाही. अगदी बारीक टायपातसुद्धा!