पदकाच्या कडेवरचे नाव

१९७१च्या युद्धातील विजयाच्या स्मरणार्थ कराडने विजय दिवस समारोहाची परंपरा रुजवली. कृष्णा-कोयनेच्या या परिसरात सैन्यसेवा हा घराण्याचा वारसा आहे. सातारा तालुक्यातील अपशिंगे हे गाव तर ‘मिलिटरी’ या बिरुदासह ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. अशा गावांतून आजही जुन्या ट्रंकेच्या तळाशी पणजोबांची पदके, टोपीवरचा बिल्ला, विरलेला खाकी कोट सापडतो. संग्राहकांच्या बाजारात या वस्तूंना आता किंमत आली आहे आणि किंमत आली की पाठोपाठ बनावटही येते. त्यामुळे अस्सल काय आणि नक्कल काय, हा प्रश्न आता केवळ छंदिष्टांचा राहिलेला नाही.

खऱ्या-खोट्याची पहिली कसोटी इतिहासाची. १९१४ साली मराठ्यांच्या पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या क्रमांकांनी ओळखल्या जात. ‘५ वी मराठा लाइट इन्फंट्री’ उभी राहिली ती १९२२च्या पुनर्रचनेत. तेव्हा हे नाव असलेला बिल्ला पहिल्या महायुद्धात वापरलेला म्हणून कोणी दाखवत असेल, तर तो एक तर अज्ञानी आहे किंवा लबाड. २६ जानेवारी १९५० रोजी सैन्याच्या चिन्हांवरील ब्रिटिश मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीतील वेगळ्या घडणीचा मुकुट त्यानंतरचा; तो भारतीय पलटणीच्या बिल्ल्यावर दिसला, तर तो बिल्ला बनावट समजावा. ‘जमादार’ हा हुद्दादेखील १९६५ साली ‘नायब सुभेदार’ झाला, हे ध्यानी असावे.

दुसरी कसोटी द्रव्याची. अस्सल पदक ठशाखाली पाडलेले असते, नक्कल बहुधा साच्यात ओतलेली. ओतीव पदकाची अक्षरे बोथट असतात आणि भिंगाखाली त्यावर सूक्ष्म छिद्रे दिसतात. गणवेशाचा दोरा अतिनील प्रकाशात चकाकला, तर संशय घ्यावा; कापड उजळवणारी रसायने आणि पॉलिस्टरचा दोरा हे नंतरच्या काळातील आहेत. अर्थात आजच्या धुण्याच्या पावडरीनेही जुने कापड चकाकते, म्हणून केवळ एवढ्यावरून निर्णय देऊ नये.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची, ती नावाची. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण उमटवलेली असते. दुसऱ्या महायुद्धाची पदके ब्रिटिश सैनिकांना नावाविना मिळाली. भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र नावे घातली गेली. नाव घासून दुसरे घातले असेल, तर ती कड तेवढ्या जागी पातळ झालेली असते.

या नावाचे मोल जाणून घ्यायचे असेल, तर बसऱ्याचे युद्धस्मारक आठवावे. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि कबरही न लाभलेल्या सैनिकांसाठी ते उभारले गेले. त्यावर अधिकाऱ्यांची नावे आली. सामान्य भारतीय शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या आली. साम्राज्याने ज्यांना आकडा करून टाकले, अशा कित्येकांचे नाव धातूवर उमटलेले राहिले असेल, तर ते पदकाच्या या कडेवरच. पहिल्या महायुद्धाचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’ चांदीचे होते. १९८०च्या सुमारास चांदीचे भाव कडाडले, तेव्हा जगभर अशी असंख्य पदके मुशीत गेली आणि त्यांच्याबरोबर ती नावेही गेली.

परक्या राजाचा मुखवटा असलेले पदक आपण का जपावे, असा प्रश्न काही स्वाभिमानी मनांना पडतो. प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु मुखवटा राजाचा असला, तरी पराक्रम आपल्या मातीचा होता. १९४१ साली इरिट्रियातील केरेनच्या डोंगरावर मराठा जवान ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ हीच गर्जना करीत चढले. ते स्मरण परकीयांच्या स्वाधीन करणे, हाच खरा न्यूनगंड ठरेल.

मात्र अभिमानाला पुराव्याची भीती नसावी. २०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे साताऱ्यात आली, तेव्हा ती महाराजांनीच वापरलेली होती याचा निर्णायक पुरावा नाही, असे त्या संग्रहालयानेच नमूद केले होते. त्याने शिवरायांच्या थोरवीत तिळमात्र उणेपणा आला नाही. उणीव होती ती वस्तूसोबत चालत आलेल्या नोंदीची.

तीच उणीव आपल्या घरांत राहू नये. शंभर वर्षे उलटलेल्या ऐतिहासिक वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. पण कायदा दाराशी पहारा देईल, ट्रंक उघडणार नाही. ते काम आपले आहे. प्रत्येक गावातील कार्यकर्त्यांनी माजी सैनिकांच्या घरी जावे, पदकाच्या कडेवरचे नाव वाचावे, सेवापुस्तिका व छायाचित्र पाहावे आणि घरातील वडीलधाऱ्यांची आठवण त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी. पदकाला पॉलिश मात्र करू नये. घासण्याने आधी कड झिजते. आज सांगणारी आजी उद्या नसेल, आणि मग त्या घरातील अस्सल पदकही बाजारातल्या नकलेइतकेच मुके होईल.