गांठ मारलेलें पिस्तूल आणि वितळलेली बंदूक

‘कलेसाठीं कला’ कीं ‘जीवनासाठीं कला’ हा फडके-खांडेकरांच्या नांवानें गाजलेला वाद मिटला असें पुष्कळांस वाटतें. पण तो मिटलेला नाहीं, त्यानें वेष तेवढा पालटला आहे. बंदुकीनें होणाऱ्या हत्या थांबाव्या म्हणून परदेशांतील कित्येक कलावंत गेलीं तीस वर्षें झटत आहेत. त्यांची गोष्ट निघाली कीं आपल्याकडील रसिकांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, हा प्रचार आहे, कला नव्हे. दुसरा तट शांततेचें कोणतेंही चिन्ह दिसतांच हात जोडतो. आमच्या मतें दोन्ही तट एकाच कारणानें चुकतात. दोघेही कृतीचें बाह्य रूप पाहतात. ती घडतांना कोणी आपलें काय दिलें, हें कोणीच विचारीत नाहीं.

जिचें सर्वाधिक कौतुक होतें ती कृति प्रथम घेऊं. ८ डिसेंबर १९८० रोजीं न्यूयॉर्कमध्यें जॉन लेनन या गायकाचा गोळ्या घालून खून झाला. त्या वार्तेनें व्यथित होऊन कार्ल फ्रेड्रिक रॉयटर्सवॅर्ड या स्वीडिश शिल्पकारानें नळीला गांठ मारलेलें एक प्रचंड पिस्तूल घडविलें. १९८८ सालीं लक्झेंबर्गच्या सरकारनें तें कांस्यशिल्प संयुक्त राष्ट्रसंघास भेट दिलें, आणि संघाच्या न्यूयॉर्क येथील मुख्यालयाबाहेर तें उभें राहिलें. शिल्पकाराच्या दुःखाविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. परंतु तेथून जाणाऱ्यांपैकीं कोणाच्या मनास हें पिस्तूल टोंचतें? सुरक्षा समितीचीं पांचही कायम सभासद राष्ट्रें शस्त्रें विकणाऱ्या मोठ्या राष्ट्रांत मोडतात. त्यांच्या प्रतिनिधींसही त्या गांठीची वाहवा करण्यास कांहीं अडचण नाहीं. कारण ती वाहवा फुकट आहे. तें पिस्तूल मुळांत पिस्तूल नव्हतेंच. त्याच्या घडणीनें कोणाच्याही हातांतील एकही हत्यार कमी झालें नाहीं.

आतां मेक्सिकोकडे वळूं. सिनालोआ प्रांतांतील कुलियाकान हें शहर अमली पदार्थांच्या चोरट्या व्यापारामुळें रक्तानें न्हाऊन निघालेलें आहे. तेथें २००८ च्या सुमारास पेद्रो रेयेस या शिल्पकारानें नागरिकांस आवाहन केलें कीं, घरांतील शस्त्र आणून द्या आणि त्याच्या बदल्यांत घरगुती विजेच्या उपकरणांसाठीं कुपन घ्या. १,५२७ शस्त्रें जमा झालीं. तीं चिरडून वितळविण्यांत आलीं, त्या लोखंडाचीं १,५२७ फावडीं झालीं, आणि तितकींच झाडें लावावयाचा संकल्प ठरला. प्रत्येक फावड्याच्या दांड्यावर त्याचा पूर्वेतिहास लिहिलेला आहे. पांडवांनीं शमीवर ठेवलेलीं शस्त्रें अज्ञातवास संपतांच पुन्हां खालीं उतरलीं, आणि दसऱ्यास आपण त्याच शमीची पूजा करतों. कुलियाकानच्या लोकांनीं झाडांसाठीं दिलेलीं शस्त्रें मात्र पुन्हां कधींच खालीं उतरावयाचीं नाहींत.

मोझांबिकची गोष्टही अशीच. १९७७ ते १९९२ पर्यंत चाललेल्या यादवीमुळें त्या देशांत जागोजाग शस्त्रें दडविलेलीं होतीं. १९९५ सालीं बिशप दिनिस सेंगुलाने यांच्या पुढाकारानें तेथील ख्रिस्ती मंडळानें शस्त्र आणून देणारास शिवणयंत्र, सायकल, शेतीचें अवजार असें उपयोगी साधन देण्यास आरंभ केला, आणि निकामी केलेल्या शस्त्रांचे तुकडे कलावंतांच्या हवालीं केले. केस्टर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या शिल्पकारानें त्यांतून २००१ सालीं घडविलेलें शस्त्रांचें सिंहासन पुढें ब्रिटिश म्यूझियमनें घेतलें. त्यांतील एकही बंदूक आफ्रिकेंत बनलेली नाहीं. सोव्हिएत रशिया, पोर्तुगाल, पोलंड अशा दूरच्या देशांच्या कारखान्यांतून त्या आलेल्या आहेत. हें आसन पाहणारास शस्त्रें पुरविणारांचीं नांवें सांगतें. कांस्याची गांठ कोणाचेंच नांव घेत नाहीं.

पहिल्या तटाचा आक्षेप असा कीं, ही तर देवघेव झाली. हींत कला कोठें आहे? फावड्याचा आकार रेयेसनें शोधून काढलेला नाहीं हें खरें. पण मारणाऱ्या लोखंडास माती खणावयास लावणें ही कल्पना त्याची आहे, आणि कल्पनेस इंद्रियगोचर रूप देणें हेंच कलेचें काम आहे. प्रचारकी कृतींत उपदेश एकीकडे व वस्तु दुसरीकडे राहते, म्हणून ती नीरस होते. येथें उपदेशास जागाच उरलेली नाहीं. फावडें हातीं घेणारास त्याच्या वजनावरूनच सर्व कांहीं कळतें.

दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. अमेरिकेंत २०२१ या एका वर्षांत ४८,८३० माणसें बंदुकीच्या गोळीनें मेलीं, आणि त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. त्यापुढें दीड हजार फावड्यांचा काय पाड? अगदीं खरें. १९९६ सालीं ऑस्ट्रेलियांत पोर्ट आर्थर येथें ३५ माणसें मारलीं गेलीं, तेव्हां सरकारनें कायदा करून सुमारें साडेसहा लाख बंदुका विकत घेतल्या व नष्ट केल्या. तें काम कायद्याचेंच आहे, आणि कलेकडे बोट दाखवून कायदा टाळणारा राज्यकर्ता लबाड समजावा.

परंतु जेथें कायदाच डळमळतो तेथें काय करावें? अमेरिकेनें १९९४ सालीं लष्करी धर्तीच्या बंदुकांवर घातलेली बंदी २००४ सालीं मुदत संपतांच लयास गेली. अमेरिकेंतील बंदुका बनविणाऱ्या कंपन्यांवर मेक्सिकोनें लावलेला दावा जून २०२५ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें फेटाळला. अशा ठिकाणीं मृतांचा हिशेब कोणीतरी उघडा ठेवावा लागतो. २०१९ सालीं शिकागो येथें हँक विलिस टॉमस हा कलावंत व मास डिझाइन ग्रूप ही वास्तुकारांची संस्था यांनीं कांचेच्या विटांचीं चार घरें उभारलीं. प्रत्येक घरास ७०० विटा. कारण त्या वेळच्या सरासरीनें अमेरिकेंत दर आठवड्यास इतकीं माणसें बंदुकीस बळी पडत होतीं. त्या पोकळ, पारदर्शक विटांत नातेवाइकांनीं बाळाचे बूट, पदवीदानाच्या टोपीचा गोंडा, छायाचित्रें अशा मृतांच्या वस्तु ठेवल्या. वर्तमानपत्रांतील आंकडा दुसऱ्या दिवशीं शिळा होतो. आईनें जपलेला बूट शिळा होत नाहीं.

आतां आमची कसोटी वाचकांच्या ध्यानीं आलीच असेल. कुलियाकानच्या गृहस्थानें आपली बंदूक दिली. शिकागोच्या मातेनें आपल्या लेंकराची आठवण दिली. गांठ मारलेल्या पिस्तुलांत शस्त्र बाळगणारानें कांहीं घातलें नाहीं, विकणारानें घातलें नाहीं, आणि ज्याचें माणूस गेलें त्यासही तेथें कांहीं ठेवावयास जागा नाहीं.

आपल्याकडेही शांततेच्या नांवानें विद्यार्थ्यांच्या चित्रस्पर्धा होतात, कबूतरें आणि मोडक्या बंदुका शेंकड्यांनीं रंगविल्या जातात, आणि परीक्षक बक्षिसें वांटून घरीं जातात. आम्ही त्या मुलांस दोष देत नाहीं. तेवढ्यावर समाधान मानावयास शिकविणाऱ्या वडील मंडळींस देतों. यापुढें अशा कृतीची परीक्षा करणारानें रंग आणि रेषा अवश्य पाहाव्या, परंतु त्याआधीं एवढें विचारावें कीं हींत कोणी आपलें काय दिलें आहे. या प्रश्नास ज्या कृतीपाशीं उत्तर नाहीं, ती खुशाल बागेची शोभा वाढवो. बंदुकीच्या विरोधांत तिची साक्ष कोणी काढूं नये.