सोसण्याचं सर्टिफिकेट

परवा गंगापूर रोडला पुतणीच्या मुलीच्या डोहाळजेवणाला गेले होते. पहिलीच खेप. ओटी भरून झाली आणि पोर सहज म्हणाली, "आजी, मी डॉक्टरांना एपिड्युरलचं विचारणार आहे." झालं! पेढा-बर्फीचा खेळ तिथेच थांबला. एक म्हणाली, "कंबर कायमची जाते." दुसरी म्हणाली, "मग सिझरच होतं." तिसरीने शेवटचं अस्त्र काढलं, "आम्ही नाही का सोसलं?"

मी मराठीची शिक्षिका, डॉक्टर नव्हे. पण वाचता येतं, आणि चुकीचं उत्तर ऐकलं की अजूनही गप्प बसवत नाही.

कॉक्रेनच्या २०१८ सालच्या आढाव्यात ११,००० हून जास्त बायकांची माहिती एकत्र तपासली आहे. एपिड्युरलने सिझर वाढलं नाही, कायमची पाठदुखीही नाही. त्रास आहेत, तेही सांगावेत. रक्तदाब उतरतो, ताप येऊ शकतो, लघवीला नळी लागू शकते, शेवटचा टप्पा लांबतो. आणि सिझरचीच भीती असेल तर हा आकडा बघा: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या खासगी दवाखान्यांत ४७ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, सरकारीत १४ टक्के. हा फरक काय पाठीतल्या सुईने पडला?

राहिलं सोसणं. माझी पहिली खेप १९७६ सालची. रात्रभर कळा. ओरडले तेव्हा नर्सबाई जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी तोंडात पदर कोंबला. सकाळी सगळे म्हणाले, "पोर सोशीक हो!" ते सर्टिफिकेट मी पन्नास वर्षं जपलं. कुणाच्या कामाला आलं? बाळाच्या नाही, माझ्याही नाही.

पहिलटकरणीच्या जोराच्या कळा बारा-बारा तास चालू शकतात. जागतिक आरोग्य संघटनाही २०१८ पासून सांगते, निरोगी बाईने मागितलं तर एपिड्युरल द्यावं. मागितलं तर! जिला नको तिने खुशाल फिरावं, श्वासावर लक्ष द्यावं, आपलं माणूस जवळ ठेवावं. तिलाही टोमणे नकोत.

पोरीला मी एवढंच सांगितलं, "आठव्या महिन्यातच विचारून ठेव. रात्री भूलतज्ज्ञ येतात का? खर्च किती? ऐन कळांत कुणी उत्तर देत नाही. आणि निर्णय तुझा, या बैठकीचा नाही."

बायका नाराज झाल्या. असो. सोसलं ते आपण, म्हणून तिनेही सोसावं, हा कुठला न्याय?