निष्क्रिय खात्यातले जंतू

बँकेत वर्षानुवर्षे व्यवहार न झालेली खाती आम्ही ‘निष्क्रिय’ म्हणून वेगळी काढत असू. खातेदार वारला, असा त्याचा अर्थ नसे. एखाद्या सकाळी तो पासबुक घेऊन काउंटरवर हजर!

पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या जंतूंचेही तसेच आहे. थंडी, उपासमार आली की ते आक्रसतात. प्रयोगशाळेच्या बशीत वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. रीटा कोलवेल या अमेरिकी विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हे दाखवून दिले. साथ ओसरल्यावरही जंतू पाण्यातच राहतात, सूक्ष्म जलचरांना चिकटून. म्हणून बांगलादेशातील मतलब भागात बायकांना जुन्या साडीच्या चार पदरी घडीतून पाणी गाळायला शिकवले गेले. जलचर अडले, जंतूही अडले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रुग्ण जवळपास निम्म्याने घटले.

आजही पाण्याची तपासणी बऱ्याच ठिकाणी जंतू बशीत वाढवूनच होते. तेव्हा ‘जंतू आढळले नाहीत’ हा शेरा म्हणजे ‘जंतू नाहीत’ असे नव्हे. अहवाल चांगला आला म्हणून फुटक्या जलवाहिनीची दुरुस्ती लांबणीवर टाकणे परवडणारे नाही. निष्क्रिय खाते बंद झाले, असे कोणता शहाणा अधिकारी समजेल?