परकोट मोजणाऱ्यांनी मैदानही मोजावे

१/
जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाचे हे चार दरवाजे इतिहासवेडा चंद्रपूरकर तरुण झोपेतही सांगेल. मार्कंड्याच्या मंदिरांवर तो तासभर बोलेल. पण घुग्घुस, माजरी, सास्ती, बल्लारपूर येथील खाणकामगार पाळी सुटल्यावर काय खेळत आणि कोणासाठी ओरडत, असे विचारले की तो गप्प होतो. हा प्रश्न इतिहासाचा आहे, असे त्याला कोणी सांगितलेलेच नाही.

२/
हाच तरुण अंगात आर्सेनलचा टी-शर्ट घालून हिंडतो! तो क्लब १८८६ मध्ये वूलिचच्या शस्त्रास्त्र कारखान्यातील कामगारांनी काढला. शाल्के ०४ चा जन्म १९०४ चा, जर्मनीच्या कोळसापट्ट्यातला. युक्रेनच्या शाख्तारच्या नावाचा अर्थच मुळी खाणकामगार. परक्या कोळशाची वंशावळ तोंडपाठ आहे. वरोऱ्याची खाण मात्र १८७० च्या दशकात सुरू झाली, आणि तरीही स्वतःच्या जिल्ह्याचा कोळसा त्याच्या लेखी केवळ प्रदूषणाचा आकडा!

३/
यावर ठरलेले उत्तर येते : फुटबॉल बंगालचा, गोव्याचा, केरळचा, महाराष्ट्राचा नव्हे. हे उत्तर अज्ञानाचे आहे. मोहन बागानने १९११ मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच्या वीस वर्षे आधी, १८९१ मध्ये, मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला होता, हे कोणी सांगत नाही.

४/
पण मुंबईही बाजूला ठेवावी. खरा पुरावा कोल्हापुरात आहे. तेथील संघांची नावे पाहावीत : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, ऋणमुक्तेश्वर तालीम, संध्यामठ तरुण मंडळ, संयुक्त जुना बुधवार पेठ. साहेबाचा खेळ येथे साहेबाच्या जिमखान्यात राहिला नाही. तो लाल मातीच्या तालमीत शिरला. ज्या संस्थेने मल्ल घडवले, तिनेच फुटबॉलचा संघ उतरवला. ‘पाटाकडील’ या एका शब्दात पाण्याचा पाट जपला गेला आहे, ‘संध्यामठ’मध्ये रंकाळ्यातली दगडी वास्तू. छत्रपती शाहू स्टेडियमवरचा गुणफलक हा शहराचा जुना नकाशाच होय. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा.

५/
हा नकाशा कोणी जपला? संघटनेच्या दप्तरात विजेत्याचे नाव आणि गोलसंख्या सापडेल. कोणत्या पराभवानंतर कोणत्या दोन गल्ल्या एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, संघाच्या बुटांसाठी वर्गणी कोणी फिरवली, हे सापडणार नाही. ते कट्ट्यावर बसलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या समर्थकाला ठाऊक असते. आयुष्यभर एकाच संघामागे उभा राहिलेला हा माणूस आपल्या पेठेचा बखरकार असतो. फरक इतकाच, की त्याला लिहायला कोणी बसवलेले नसते.

६/
समर्थक पक्षपाती असतो, असा आक्षेप येईल. असतोच. मग सभासद निःपक्षपाती होता काय? जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेने लिहिलेली त्याची बखर इतिहासकार टाकून देत नाहीत, पारखून घेतात. समर्थकाची आठवणही तशीच पारखावी. कोल्हापुरात प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीने सामने थांबले आहेत, तेही लपवू नये. पण ‘हुल्लड’ या एका शब्दात सगळा प्रेक्षकवर्ग गुंडाळणारा वार्ताहर आणि दंगा हाच इतिहास समजणारा अभ्यासक, दोघेही सारखेच आळशी.

७/
चंद्रपूर-गडचिरोलीला ही ढिलाई परवडणारी नाही. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा विशीत असलेला कामगार आज सत्तरीपलीकडे आहे. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, त्या वेळचा शाळकरी मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेला. परकोटाचा दगड अजून शंभर वर्षे थांबेल, हा म्हातारा थांबणार नाही. गोंड राजांच्या तारखांवरून रात्र रात्र वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या गावच्या मैदानावर कोण खेळले, याची एक पानभर नोंद केली आहे?

८/
वही घेऊन त्याच्याकडे जावे. गावच्या संघाचे नाव कोणी ठेवले? गाडीभाडे कोण देत असे? हरल्यावर परतीच्या वाटेवर काय बोलणे होई? आणि या सागाच्या मुलखात गोलचे खांब कशाचे होते, सागाचे की बांबूचे?