बिल्डर गेला, कन्व्हेयन्स कुठाय?

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. चहा घेऊन बसा.

गेले काही महिने पालकांच्या प्रत्येक ग्रुपवर एकच प्रश्न फिरतोय: "मुलाच्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नाही, नवा घ्यायचा का?" आणि खाली दहा जणांची दहा उत्तरं, कुठल्या मॉलमध्ये कोणती ऑफर चालू आहे त्याची. लॅपटॉप बिघडलाय का, असं कोणी विचारतच नाही. बिघडलेला नसतोच. स्क्रीन ठीक, कीबोर्ड ठीक, मराठी शाळेचा गृहपाठ, पायथॉन, पॉवरपॉइंट सगळं चालतंय. फक्त कंपनीने हात वर केलेत.

आधी हकीकत समजून घेऊ. विंडोज १० आलं जुलै २०१५ मध्ये आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. म्हणजे त्यात नवी भोकं सापडली तरी घरगुती ग्राहकाला ठिगळ मिळणार नाही. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. सातव्या पिढीचा, उत्तम चालणारा आय-फाइव्ह असेल तर तो कंपनीच्या हिशेबी म्हातारा. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३ च्या अखेरीस अंदाज दिला होता की या एका निर्णयाने जगातले सुमारे २४ कोटी कॉम्प्युटर भंगारात जाऊ शकतात.

"पण एक वर्ष वाढवून दिलंय की!" हो, दिलंय. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी एकतर ३० डॉलर भरा (आपले नऊ दिनार आणि वर थोडे फिल्स), नाहीतर कंपनीचे हजार पॉइंट जमवा, नाहीतर कंपनीचं खातं उघडून आपली सेटिंग्ज त्यांच्या सर्व्हरवर बॅकअप करा. युरोपात ग्राहक संघटनांनी आरडाओरडा केला, तर तिथे पैशाची आणि बॅकअपची अट काढून टाकली. कुवेतमधल्या आणि भारतातल्या आपल्यासारख्यांसाठी कोणी ओरडलं नाही, म्हणून अट कायम.

आता खरी मेख. विंडोज १० ची दुरुस्ती बंद झालेली नाहीच! मोठ्या कंपन्यांना पैसे भरून २०२८ पर्यंत अपडेट मिळतात. यंत्रांमध्ये बसवण्यासाठी विंडोज १० ची जी खास आवृत्ती विकली जाते, तिला जानेवारी २०३२ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत. नीट वाचा, २०३२. ठिगळं रोज शिवली जातायत, गोदामात तयार पडलीयत, फक्त तुमच्या लेकीच्या लॅपटॉपला ती मिळणार नाहीत. "जुनं झालं, सांभाळणं परवडत नाही" हे कारण कुठल्या तोंडाने सांगतात?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सगळ्या कंपन्यांनी आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा सोर्स कोड आजच्या आज उघडा करावा, असं मी म्हणत नाही. धंदा आहे, चालू द्या. पण ज्या दिवशी तुम्ही ग्राहकाचा हात सोडता, त्या दिवशी कोड उघडा करा. एकतर दुरुस्ती द्या, नाहीतर दुरुस्त करायचा हक्क द्या. तिसरा पर्याय कायद्याने बंद झाला पाहिजे.

"ही तर कंपनीची मालमत्ता आहे, सरकार कसं काय घेणार?" असं गेल्या आठवड्यात एका मित्रांनी मला तावातावाने विचारलं. या गृहस्थांचा पुण्यात फ्लॅट आहे. मी म्हटलं, तुमच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स झालं का हो? तर पुढची वीस मिनिटं ते बिल्डरला शिव्या घालत होते.

तेच तर! महाराष्ट्रात १९६३ च्या मोफा कायद्याने बिल्डरवर बंधन आहे की फ्लॅट विकले, सोसायटी झाली, की जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून द्या. बिल्डर टाळाटाळ करायला लागले, तेव्हा कायद्यात मानीव अभिहस्तांतरण आलं, आपण ज्याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतो ते. बिल्डर सही करत नाही? गायब आहे? सोसायटी अर्ज करते आणि सक्षम प्राधिकारी तिच्या नावाने करून देतो. यात कोणी बिल्डरची मालमत्ता लुटली असं म्हणत नाही. त्याने पैसे घेतले, नफा कमावला, निघून गेला. आत राहणाऱ्यांना गळकी गच्ची दुरुस्त करायचा अधिकार हवाच. मला ऑपरेटिंग सिस्टिमचं डीम्ड कन्व्हेयन्स हवंय, बस्स.

यावर कंपनीचा वकील म्हणेल, फ्लॅट विकला जातो, विंडोज विकलं जात नाही, फक्त वापरायचा परवाना दिला जातो. बरोबर, करारात तसंच लिहिलेलं असतं. दुकानात मात्र पावती "विक्री"ची मिळते, आणि सिस्टिमची किंमत लॅपटॉपच्या किमतीत आधीच घातलेली असते. ही चलाखी हाच तर तक्रारीचा मुद्दा आहे.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. विंडोज १० आणि ११ चा बराच कोड एकच आहे, त्यामुळे जुना उघडला की नवाही उघडा पडेल. मान्य. पण मग ते "जुनं, मेलेलं" सॉफ्टवेअर नाही, चालू धंदा आहे. चालू धंदा असेल तर अपडेट द्या. दोन्हीकडून खाता येणार नाही.

दुसरा आक्षेप असा की त्यात इतर कंपन्यांचाही कोड असतो, त्यांची परवानगी कुठून आणणार? मायक्रोसॉफ्टनेच २०१४ मध्ये एमएस-डॉसच्या पहिल्या आवृत्त्यांचा कोड संग्रहालयामार्फत दाखवला, २०१८ मध्ये तो मुक्त परवान्याखाली दिला आणि २०२४ मध्ये एमएस-डॉस ४ चाही दिला. हा चौथा आयबीएमच्या भागीदारीतला होता, तरी जमलं. मनात आणलं की जमतं, फक्त १९८८ च्या सॉफ्टवेअरसाठी मनात यायला ३६ वर्षं लागली. तोवर तो कोड उघडून कुणाचा कॉम्प्युटर वाचणार होता?

"कोड उघडा केला की हॅकरांचं फावेल" हे सगळ्यात आवडतं भय. २०१७ च्या वॉनाक्राय हल्ल्यात ब्रिटनच्या हॉस्पिटलांपर्यंत विंडोजचे कॉम्प्युटर ठप्प झाले, ते बंद कोडवरच. उलट उघड्या कोडमध्येही गडबड होते, हे लपवायचं कारण नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या पण सगळ्या लिनक्सभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी दीर्घकाळ भला माणूस बनून राहून चोरदरवाजा घुसवला होता. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, म्हणून त्याने आत डोकावून पाहिलं. डोकावता आलं म्हणून सापडलं. गंमत म्हणजे हा गृहस्थ नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये होता.

केओसी-केएनपीसीच्या परिसरात काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर गुजरातमधल्या वाडीनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीची ई-मेल आणि टीम्स सेवा मायक्रोसॉफ्टने थांबवली होती. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा सुरू झाली. हा ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रश्न नव्हता, सेवेचा होता. पण कळ कोणाच्या हातात आहे ते कळलं. एवढी मोठी रिफायनरी कोर्टात जाऊ शकते. तुम्ही-आम्ही कुठे जाणार?

आता आपल्या भाषेचं. ज्यांच्याकडे नव्वदच्या दशकातली मंडळाची स्मरणिका किंवा वडिलांनी टाइप करून ठेवलेले लेख फाइलमध्ये आहेत, त्यांनी ती फाइल आज उघडून पाहा. बहुतेक वेळा "»ÖÖ¸ü" असलं काहीतरी दिसेल. कारण युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक मराठी फॉण्ट कंपनीची स्वतःची कुलूपबंद रचना होती. फॉण्ट गेला की मजकूर गेला. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरांची काशी होते. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यातला फरक ज्या मशीनला कळत नाही, तिथे गुरुजींना स्वयंपाकघरात पाठवलं जातं! उघड्या कोडमध्ये हा दोष पुण्यातला कोणीही इंजिनिअर स्वतः दुरुस्त करून जगाला देऊ शकतो. रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली दिलेले लोहित फॉण्ट, मुंबईच्या एक टाइपचा मुक्त फॉण्ट मुक्त, अशी कामं आपल्या डोळ्यांसमोर आहेत. बंद कोडमध्ये आपण अर्ज करतो आणि वाट बघतो.

आणि इथे मला आपल्या मल्याळी शेजाऱ्यांचा हेवा वाटतो. केरळने २००१ मध्ये आयटी@स्कूल सुरू केलं आणि पुढच्या काही वर्षांत सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या. आज त्यांची काइट ही संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती काढते. केरळ सरकारच्या म्हणण्याप्रमाणे त्यातून सुमारे ३,००० कोटी रुपये वाचले. मलयाळम फॉण्ट आणि टायपिंगसाठी २००२ पासून स्वयंसेवकांची चळवळ आहे. आपण काय केलं? एमएस-सीआयटी. महाराष्ट्र राज्याचा हा कोर्स लाखोंनी केला आणि त्यातल्या कित्येकांना अजूनही वाटतं की ते एमएस म्हणजे मायक्रोसॉफ्ट. चूक त्यांची नाही. शिकवलं विंडोज आणि ऑफिसच. कॉम्प्युटर म्हणजे काय हे न शिकता, एका कंपनीचं बटण कुठे आहे हे आपण शिकलो, आणि तेच मुलांना देतोय. खरं तर पुण्याच्या सी-डॅकचे परम महासंगणक लिनक्सवर चालतात, खिशातल्या अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्स आहे.

एक कडू गोष्टही बोलायला हवी. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी विंडोजची "दोन दिनारवाली" की आहे? मुलाने दुसऱ्याचा खोडरबर आणला तर आपण त्याला रागावतो, आणि त्याच्याच टेबलावर चोरीचं सॉफ्टवेअर ठेवतो. मुक्त सॉफ्टवेअर वापरलं तर हा ढोंगीपणा तरी जाईल.

सगळ्यांनी उद्या लिनक्स टाकावं असा माझा हट्ट नाही. ऑटोकॅड लागतं, ऑफिसचं काही खास लागतं, काही परीक्षांचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. म्युनिक शहराने लिनक्सवर जाऊन २०१७ मध्ये परतीचा निर्णय घेतला, तेही खरं. पण आठवी-नववीतल्या मुलाला, किंवा साताऱ्याला व्हिडिओ कॉलवर नातवंडं बघणाऱ्या आजी-आजोबांना, जुन्या मशीनवर लिनक्स मिंट भरपूर पुरतं. सुरक्षा अपडेट न मिळणाऱ्या लॅपटॉपवरून आजोबांनी बँकेत लॉगिन करणं हा खरा धोका आहे.

तर आता कामाचं. नवा लॅपटॉप घेण्याआधी जुन्याचं मॉडेल आणि प्रोसेसर खाली लिहा. मी आणि आणखी दोघं-तिघं उत्तर देऊ. रुमैथिया, सालमिया, साल्वा भागातल्यांनी शुक्रवारी सकाळी मशीन आणि आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन यायचं असेल तर मेसेज करा, आधी मुलांचे फोटो आणि प्रोजेक्ट दुसरीकडे कॉपी करून ठेवा. आणि शाळेच्या पुढच्या पालक सभेत एवढं विचारा, की गृहपाठ लिबर ऑफिसच्या फाइलमध्ये चालेल का. सीबीएसईच्या कॉम्प्युटर सायन्सच्या अभ्यासक्रमात मुक्त सॉफ्टवेअर हा धडा आहेच, त्यामुळे "हे काय नवीन?" असं बाई म्हणणार नाहीत बहुतेक.